अंतरपाट खाली आला तेव्हा

इथे उत्तरेत, सेक्टर बावीसमधला आमचा पंजाबी व्हिडिओवाला एरवीही गुडघे वाकवून चालतो, जणू डोक्यावर भरली घागर आहे. "भाईसाब, जगह पर घूमो तो पॅन, साथ चलो तो ट्रॅक," असं तो दर भेटीत शिकवतो आणि मी गोंधळतो.

लेकीच्या लग्नात अंतरपाट खाली आला आणि त्याने कॅमेरा नवरानवरीवरून सावकाश माझ्याकडे वळवला. साताऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईला नेमका तोच क्षण पाहायचा होता! बायको भडकली.

"पर्दा गिरा जी, मुझे लगा रस्म खत्म," तो म्हणाला.

घाबरतच आईला व्हिडिओ पाठवला. तिचा फोन आला. "रडताना अगदी तुझ्या बाबांसारखा दिसतोस रे."

बाबांना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आता या व्हिडिओवाल्याला झापायचं की पेढे द्यायचे?