साळवे सरांची हजेरी

साळवे सर प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचे. अगदी ठार गप्प. "कुलकर्णीबाई, चहा घेनार का?" एवढंच मला विचारलेलं असलं तरी उत्तर येईपर्यंत त्यांची भुवईसुद्धा हलायची नाही. नवीन माणूस गांगरून जाई, आपलं काही चुकलं की काय म्हणून. मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोरगं समोर नसलं तर त्याला शिकवता येतं का?" मी हसले. ते हसले नाहीत. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, "नाही येत." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. "बरं. विधान नोंदवून घेतलं. आता ते खोडून काढू."

ही सवय त्यांना टेपरेकॉर्डरनं लावली होती, हे मला नंतर कळलं.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचं कॉलेज पाथर्डीच्या बाजूला, माळावर. पत्र्याच्या सहा खोल्या आणि एक बोअर, तीही उन्हाळ्यात आटणारी. मी नगरहून एसटीनं ये-जा करायचे, अर्थशास्त्र शिकवायचे, तेही वर्षावर्षाच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. दिवाळी झाली की वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, कुणी श्रीगोंद्याकडे, कुणी आणखी लांब, ती शिमग्याच्या पुढेमागे परतायची. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, असा नियम. त्यावर आमच्या भागानं पूर्वीच तोड काढलेली होती. दरवर्षी फेब्रुवारीत कॉलेजात काविळीची साथ यायची. फक्त कागदावर. गावातले डॉक्टर गठ्ठ्यानं दाखले द्यायचे, प्राचार्य गठ्ठ्यानं मंजूर करायचे, आणि शरीरानं धडधाकट, हाताला कोयत्याचे घट्टे पडलेली मुलं न शिकलेल्या पेपरला बसून नापास व्हायची.

साळवे सर तर्कशास्त्र शिकवायचे. मूळचे पुणतांब्याकडचे. छपन्न साली वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा हे पोरसवदा होते. "आमच्या घरातून देव गेले आन् प्रश्न आले," असं सांगायचे. "बाप म्हनायचा, आता कुनी सांगितलं म्हनून मानायचं न्हाई. पटलं तर मानायचं." एवढ्या बळावर माणूस तर्कशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि त्या काविळीशी त्याचं कधीच जमलं नाही. "आजारी असंल तो गैरहजर असतो, मान्य. पन गैरहजर हाय म्हनून आजारी, हे कुटलं शास्त्र?" असं प्राचार्यांना भर मीटिंगमध्ये विचारून ते उत्तराची वाट बघत बसले होते. प्राचार्यांनी पुढचा विषय घेतला.

मग मी यायच्या थोडंच आधी त्यांनी स्वतःच्या हिकमतीनं कॅसेटचा कारभार सुरू केला. घरी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत ते तास रेकॉर्ड करायचे. टेपवर त्यांची भाषा शुद्ध व्हायची, लग्नाला निघाल्यासारखी. मध्येच थांबून प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी तेवढी फीत कोरी सोडायचे. कॅसेटी एसटीच्या कंडक्टरांच्या, उसाच्या ट्रकवाल्यांच्या हाती ऊसतोड्यांच्या मुक्कामाच्या तळांवर जात. प्रत्येक तळावर मुलांत मिळून सेलवर चालणारा एक टेप. मुलं तास ऐकायची, कोऱ्या जागेत आपलं नाव, नंबर आणि उत्तर भरायची, आणि कॅसेट गेली त्याच वाटेनं परत यायची.

एकट्या तर्कशास्त्रानं वर्ष निघत नाही, म्हणून ते आमच्या मागे लागले. टेप काखेत मारून स्टाफरूममध्ये यायचे. कुणी म्हणे, माझा आवाज चांगला नाही. "तुमचा आवाज वर्गातल्या पोरांनी सोसला, त्यांनी काय पाप केलंय?" कुणी म्हणे, फळ्याशिवाय कसं जमेल? "आंधळ्याला शिकवताय असं समजा. न्हाईतरी फळ्यावरचं तुमचं अक्षर कुनाला दिसतंय?" असं चिडवून, चहा पाजून त्यांनी पाच जणांना तयार केलं. माझी पहिली कॅसेट त्यांनी चार वेळा पुसायला लावली. "बाई, तुमी वाचताय. पोरीशी बोला. ती दिवसभर मोळ्या बांधून आलीय, तिचा डोळा लागतोय, तिच्याशी बोला."

ती पोरगी म्हणजे मंगल. एफ. वाय. बी. ए.ला होती, घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. तिचं उत्तर आलं की सर आम्हा सगळ्यांना बोलावून ऐकवायचे. मागे बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, कुणाचं तरी रडणारं मूल, "मंगे, पानी आन" अशी आईची हाक, आणि त्यातून मंगलचा आवाज: "सर्व माणसं मरणार आहेत. मुकादम माणूस आहे. म्हणून मुकादम मरणार आहे. सर, हे बरोबर हाय ना? आई इचारतीय, कवा?" सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हजेरीपट ओढला आणि मंगलच्या नावापुढे हजेरी लावली.

इथेच सगळं बिनसलं. तास ऐकून उत्तर दिलेलं मूल सरांच्या लेखी हजर होतं. त्यांनी स्वच्छ मनानं 'हजर' लिहिलं आणि आम्हालाही लिहायला लावलं. कुणीतरी निनावी पत्र टाकलं, फेब्रुवारीत तपासणीला माणसं आली, आणि हजेरीपटावर हजर असलेली अकरा मुलं बाकांवर दिसेनात. प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला एकेकाला आत घेऊन समजावलं, 'नजरचुकीने हजेरी लागली' एवढं लिहून द्या. पाचही जणांनी दिलं. त्या पाचांत मी होते. माझी पुढच्या वर्षाची नेमणूक अजून व्हायची होती, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं आहे. ते खरं आहे आणि पुरेसं नाही.

सरांनी लिहून दिलं नाही. "नजर चुकली न्हाई माझी. कान लावून हजेरी घेतलीय."

त्यांना मेमो मिळाला. मुलांची हजेरी खोडली गेली, आणि प्राचार्य म्हणाले, हरकत नाही, काविळीचे दाखले आणू द्या, मी मंजूर करतो. वाट सरळ होती. पण सरांनी शेवटची एक कॅसेट सगळ्या तळांवर धाडली. ती मी ऐकली आहे. "मुलांनो, तुम्ही आजारी नव्हता. तुम्ही शिकत होता. मी साक्षीदार आहे. खोटं लिहून देऊ नका. मी विद्यापीठात जातो आणि हे सिद्ध करतो." पिशवीभर कॅसेटी घेऊन ते खरोखर गेले. तिथल्या साहेबानं पिशवी ठेवून घेतली आणि कळवतो म्हणाला. सरांना वाटलं, ऐकलं की पटेल. साठीकडे झुकलेल्या माणसाचा एवढा विश्वास बघून मला त्यांचा राग यायचा.

मी मागच्या दारानं दाखले गोळा केले. दहा मुलांच्या घरच्यांनी मुकाट्यानं आणून दिले. सरांना ते कळलं होतं, पण त्यांनी अडवलं नाही. राहिली मंगल. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती तळावरून थेट कॉलेजात आली. पायांत धुळीनं माखलेली वहाण, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. बाप स्टँडवर परतीच्या गाडीसाठी थांबलेला. दाखला मी तयार ठेवला होता, फक्त अर्जावर तिची सही हवी होती. तिनं कागद वाचला, दोनदा वाचला, आणि खाली ठेवला.

"सर न्हाई म्हनलेत."

मी तिला समजावलं, रागावले, हात जोडले. यंदा परीक्षा झाली नाही तर कॉलेज बंद करून लग्न लावायचं, हे बापानं सांगून टाकलेलं मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. ती टेबलाच्या कडेवर नख ओढत उभी राहिली. मी तिला तिथंच थांबवून सरांच्या घरी धावले. घर कॉलेजच्या मागेच होतं.

सर ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "चला, तिला सांगा सही कर म्हणून. तुमचं ऐकेल."

"म्हनूनच येत न्हाई," सर म्हणाले. "मी गेलो तर माझ्या तोंडाकडं बघून सही करंल. तिचं तिला ठरवू द्या, बाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढ्या वर्षांत एक विद्यार्थी मिळाला. खरं म्हंजे काय ते एकीला कळलं." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी परत गेले आणि मंगलला म्हणाले, "सर म्हणतात, तुझं तू ठरव." ती दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळानं बाप स्टँडवरून तिला बोलवायला आला आणि ती निघून गेली.

विद्यापीठाचं उत्तर परीक्षा सुरू झाल्यावर आलं. 'नियमात तशी तरतूद नाही.' कॅसेटी परत आल्या, पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. सरांनी ती गाठ मारली होती, त्यांनी ती ओळखली.

वैशाखात मंगलचं लग्न झालं. सर गेले होते. अक्षता टाकल्या, पण पंगतीला बसले नाहीत. पुढच्या दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली, आता मुलगी म्हणून नाही, जोडीतला अर्धा कोयता म्हणून; तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. सरांनी त्यानंतर एकही तास रेकॉर्ड केला नाही. वर्गात यायचे, फळ्यावर लिहायचे, घंटा झाली की जायचे. मी कधी विषय काढला तर म्हणायचे, "शिकवलं मी आन् भोगलं तिनं. याच्यात अनुमान काय काढायचं, बाई?" आणि वाट बघायचे.

दशक संपता संपता कॉलेजात टेलिफोनच्या तारेला जोडलेला संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. आता घरबसल्या शिक्षण मिळणार, असं पाहुणे बोलले. प्राचार्यांना एकदम आठवण झाली आणि त्यांनी निवृत्त साळवे सरांना सत्काराला बोलावलं. सर शेवटच्या रांगेत बसले. शाल घेतली नाही. कार्यक्रम झाल्यावर संगणकाजवळ जाऊन त्यांनी ऑपरेटरला एकच विचारलं, "याच्यावर हजेरी कशी लावतात?" तो म्हणाला, "सर, हजेरी तर कॉलेजात येऊनच." सरांनी मान डोलावली आणि काठी टेकत निघून गेले.

त्याच हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, नगरला नेईपर्यंत राहिले नाहीत. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले होते तेव्हा त्यांनी मंगलचंच नाव काढलं. "सत्यासाठी वर्ष घालवलं पोरीनं. माझ्यापेक्षा मोठी निघाली." तेवढीच एक गोष्ट त्यांना सावरून होती आणि तीच त्यांना कुरतडत होती.

कुणीतरी तिला सांगायला हवं होतं. मी शोधत शोधत श्रीगोंद्याच्या एका तळावर गेले. दुपारची वेळ. पाचटानं शाकारलेल्या झोपडीपुढे, कोपीपुढे, मंगल भाकऱ्या थापत होती, शेजारी दोन मुलं. तिनं मला ओळखलं, पदरानं हात पुसले, पाणी दिलं. मी सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगली, करपायला लागली, तरी तिनं ती काढली नाही. मी म्हटलं, "सर शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते. सत्यासाठी वर्ष घालवलंस म्हणायचे."

"सत्य?" मंगल म्हणाली. "बाई, मला कुटलं सत्य कळतंय. मी सही केली असती तर सर खोटे पडले असते. आदीच त्यांना समद्यांनी एकटं टाकलं हुतं. म्हनून नाय केली. ते नुस्तं म्हनले असते ना, मंगल, लिही, तर मी कावीळच काय, मेले म्हनून बी लिहून दिलं असतं. मला शिकायचं हुतं, बाई. मी सारखी दाराकडं बघत हुते, सर आत्ता येतील, आत्ता म्हनतील."

तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि धाकट्याला जवळ घेतलं. त्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी उभी होती आणि सर मागच्या ओसरीवर बसले होते. दोघांच्या मधे एक भिंत आणि थोडं अंगण होतं. मी दोघांशीही बोलले होते. तिचा हात धरून तिला तेवढं अंगण ओलांडून न्यावं, एवढं मला सुचलं नाही.