चपलांची रांग

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा कारभार हल्ली नव्या पद्धतीनं चालतो. नंबरची चिठ्ठी देणारं यंत्र आलंय, नंबर दाखवणारा पडदा आलाय. तरी परवा गेलो तर दारापासून फाटकापर्यंत, माणसांच्या जागी नंबर धरून ठेवलेल्या चपलांची रांग होतीच, पूर्वीसारखी.

पडद्यावर माझा नंबर आला. मी उठलो, तशी तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, तुमची चप्पल कुठाय?"

"पायात."

"माझी सगळ्यात पुढं हाय. पहिल्या यष्टीनं आलेय. मशीन चालू झालं तवा पोराला उलटी झाली, चिठ्ठी मागची मिळाली."

मी गोंधळलो. चपलेला कळतं, कोण आधी आलं. यंत्राला कळतं, बटण कुणी आधी दाबलं. पण दांडगी माणसं दुसऱ्यांच्या चपला सरकवून पुढं घुसायची, तेही मी पाहिलंय. यंत्राला तसं सरकवता येत नाही. मग खरा नंबर कुठला?

दारातला शिपाई म्हणाला, "चिठ्ठी बघूनच आत सोडणार."

मी माझी चिठ्ठी तिला दिली, तिची घेतली. ती पोराला घेऊन आत गेली. आता तिच्यामागच्या चपलांची माणसं माझ्याकडे बघू लागली. त्यांच्याही चपला माझ्याआधी आल्या होत्या. मी बाहेर गेलो, चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी ठेवल्या. चिठ्ठी मात्र मुठीत घट्ट धरून ठेवली.