शालूआत्याचा सकाळचा शो

शालूआत्या गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी इंदूरला माझ्या घरी भाजी चिरत होते. "चहा ठेवायला म्हणून उठली आणि तिथेच बसली गं… मग उठलीच नाही." बाबांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आयुष्यभर उज्जैनला आमच्याच फ्रीगंजच्या घरात राहिली. भेटायला आलेल्यांनी तिचा शांत स्वभाव आठवला, तिचे उपास आठवले, सोमवारचं महाकालाचं दर्शन आठवलं. तिला कुंग फूच्या सिनेमांचं वेड होतं, हा विषय मात्र कोणी काढला नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

वेड म्हणजे खरोखरचं वेड. नव्वदच्या दशकात स्टेशनजवळच्या एका टॉकीजला रविवारी सकाळी हाँगकाँगचे जुने सिनेमे लागत. हिंदीत डब केलेले, रीळ झिजून पडद्यावर रेघा उमटलेल्या. दुपारी पोळ्या लाटता लाटता आत्या मला समजावायची, "हे बघ, नव्या पिक्चरमध्ये हात वेगळा दाखवतात, पाय वेगळा. जुन्यात माणूस डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसतो. तिथे बिलकुल फसवाफसवी चालत नाही." आणि लाटणं आडवं धरून पवित्रा घ्यायची. शिकण्याचा भाग तिला सगळ्यात प्रिय. पोरगा गुरूकडे येतो, गुरू त्याला नुसतं पाणी भरायला आणि अंगण झाडायला लावतो, आणि एक दिवस कळतं की हात त्यातूनच तयार झाले. "माझे बघ," ती मनगटं पुढे करायची. "इतकी वर्षं एक्स्चेंजच्या बोर्डावर तारा खुपसतेय, घरी धुणं पिळतेय. येऊ दे कोणी अंगावर!" तलवार चालवणाऱ्या बायकांबद्दल बोलताना तर तिचा आवाजच बदलायचा. "त्यांच्यातल्या एकीलाही कोणी विचारत नाही, लग्न कधी करणार म्हणून."

पण तो सकाळचा शो गावात बदनाम होता. कधी कुंग फू, कधी भलतंच काही. घरंदाज बाई तिकडे फिरकत नसे. आत्या बाबांना 'ड्यूटी आहे' सांगून जायची. एक दिवस टावर चौकात, नव्यानेच उघडलेल्या एसटीडी बूथबाहेर, शेजारच्या काकांनी बाबांना गाठलं. "भाऊसाहेब, बुरा मत मानना, आपकी बहनजी को टॉकीज में देखा. पास में कोई साहब बैठे थे, नीली कमीज में." काका स्वतः तिथे काय करत होते, हे विचारायचं बाबांना सुचलं नाही.

त्यांच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आज पावडर जास्त का? नवी साडी कशाला? आता सगळीकडे थेट नंबर फिरवता येतो, एक्स्चेंजमधलं काम कमी झालंय, मग रविवारची ड्यूटी कसली? "कुछ तो चक्कर है," ते आईला म्हणायचे. "असला तर असू द्या," आई म्हणाली, "चाळिशीला आली ती." झालं! आईलाही सगळं ठाऊक असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मलाही आडून आडून विचारून झालं.

पुढच्या रविवारी ते आत्याच्या मागोमाग टॉकीजमध्ये शिरले. बाल्कनीत आत्या, मध्ये एक रिकामी खुर्ची, पलीकडे निळ्या शर्टातला एक चष्मेवाला. दोघंही एकटक पडद्याकडे बघतायत. इंटरव्हल झाल्याबरोबर बाबा समोर जाऊन उभे राहिले.

"कोण हा?"

"मला काय माहीत, दादा? नाव नाही विचारलं कधी."

"मग याच्याच शेजारी का?"

"बाकीचे शिट्ट्या मारतात, हा गप्प बसतो. आणि हा असला की बाकीचे माझ्या जवळ येत नाहीत."

तो माणूस उठला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. आत्या म्हणाली, "आता तू बस इथे. तिकीट काढलंच आहेस, तर खामखा वाया कशाला घालवतोस?"

बाबा बसले. त्यानंतर दर रविवारी बसले. घरी सांगायचे, पहारा देतो. आत्या पडद्यात रंगून जायची आणि हे मान वळवून मागची रांग बघायचे. निळा शर्ट येत राहिला. त्याचा ना नमस्कार, ना हसणं. बाबांना तेच खटकायचं. "इतकं काहीच नसणं बरं दिसत नाही," ते म्हणायचे. पुढे घरोघर केबल आली, सकाळचे शो बंद झाले, टॉकीजही बंद पडलं. भाऊ-बहीण घरीच टीव्हीसमोर बसू लागले. तरी राँग नंबरचा फोन आला की आत्याने रिसीव्हर ठेवायच्या आत बाबा विचारायचे, "कोण होता?" ती नुसती हसायची.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुपारी बाबा आणि मी आत्याच्या खोलीत बसलो होतो.

"तो आला नाही," बाबा म्हणाले.

"कोण?"

"निळ्या शर्टवाला. पेपरात दिलं होतं, तिच्या फोटोसकट. मी रोज ओट्यावर बसून वाट पाहिली. किती का म्हातारा झालेला असेना, ओळखलं असतं मी त्याला."

"म्हणजे बाबा, खरंच काही नव्हतं."

"नव्हतं," ते म्हणाले. बराच वेळ ते तिच्या पलंगावरची चादर हाताने सारखी करत राहिले…

"असतं तर बरं झालं असतं गं."