मॅडमचं कौतुक नडलं

चहा घ्या, आन् मग हसा मला. शिव्या देऊन वाटोळं करणारे लय बघितले असतील तुमी. मी कौतुक करून केलं. तेबी सबंध वसाहतीचं!

आमी धरणग्रस्त. डोंगरात भात-नाचणी करणारी माणसं, आष्ट्याजवळच्या काळ्या रानात आणून बसवली. ऊस आमाला ठावं, तो चोखायापुरता! शेती खात्याच्या जाधव मॅडम नसत्या तर आमचं काय खरं नव्हतं. बाई चिखलात उतरून सरी पाडायला शिकवायची. माझ्या उसाला हुमणी लागली, तवा मुळं उकरून त्यांनीच अळी हातावर घेऊन दाखवली.

एक दिवस खात्याचे मोठे साहेब आले. आमच्याच ओसरीवर टेकले. "आमच्या कामावर समाधानी आहात का?"

मला वाटलं, मॅडमला बढती द्यायची असंल. सुटलो की मी!

"समाधानी? आवं साहेब, मॅडमनी आमाला पार मास्तर करून सोडलंय!"

"म्हणजे आता अडचण नाही काही?"

"कसली अडचण? रोग आमच्या शिवंवरनंच माघारी पळतोय!"

दाराआडनं बायको, शालन, डोळं वटारत व्हती. मी कशाचा थांबतोय?

"आता आमाला शिकवायचं काय राहिलंय साहेब? आमीच चार गावं शिकवू!"

साहेबांनी पाठ थोपटली. दोन दिवस मी छाती फुगवूनच हिंडलो.

आन् मॅडमची बदली झाली! शिरवळकडच्या वसाहतीत. का? तर तिथल्या लोकांच्या तक्रारी लय, आन् हितं गरजच उरली न्हाई! जागेवर दुसरं कोण दिलंबी न्हाई.

निघताना मॅडम घरी आल्या. शालननं ओटी भरली. माझी मान काय वर हुईना.

"मॅडम, मी चांगलंच बोललो हो."

"कळलं मला काका," त्या हसल्या, "पण एखादी तरी तक्रार करायची!" आन् पदरानं डोळं पुसलं. आजबी ते आठवलं की घास गोड लागत न्हाई.

परवा शेजारचा बाबू उसाचं पान घेऊन दारात. "मॅडम तर गेल्या. आता तूच सांग, काय झालंय ह्येला?"

मी पान उलटं केलं, सुलटं केलं. उन्हात धरलं. वास घेतला. मग घसा खाकरून म्हटलं, "पिवळं पडलंय."

"आरं गड्या," बाबू म्हणला, "ते शेळीलाबी दिसतंय!"