प्रत्येक तहात मी हरलो

तळवलीकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या बाजारात एका टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडत होतो. फोन सरांच्या मुलीचा, सुनंदाचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. टेम्पोवाल्याने माझा चेहरा पाहिला आणि स्वतःहून भाडं कमी केलं. मला आणखी राग आला. अशा वेळी मिळालेली सूट घ्यायची नसते. मी त्याला पूर्ण भाडं दिलं आणि जव्हारला निघालो. वाटेत दुःखाआधी एकच विचार मनात येत होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही... हा माणूस मला एक उत्तर देणं लागत होता, आणि ते न देता गेला.

सदाशिव तळवलीकर हे नाव वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या पुण्या-नाशकात वाचल्या गेल्या, एका कादंबरीला मोठा पुरस्कारही मिळाला. जव्हारमध्ये मात्र ते शाळेतून निवृत्त झालेले सर होते, आणि माझ्यासाठी वखारीत येऊन उभा राहणारा एक बिनकामाचा माणूस. मी जामसरचा. पावसावर पिकणाऱ्या भातात पोट भरेना, म्हणून डोंगरउतारावरचं वाळकं गवत विकत घेऊन, त्याच्या गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायला लागलो. त्यातूनच जव्हारला गवताची वखार उभी केली. मालक म्हणून शिकवलं कुणी नाही; जे आलं ते ठेचा खाऊन आलं. तर हे गृहस्थ एके दिवशी वखारीच्या दारात उभे राहिले. मी तबेल्याच्या दलालाशी भाव करत होतो. सौदा संपला, दलाल गेला, तरी हे उभेच.

"गवत हवंय का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही 'नाही' कसं म्हणता, ते ऐकत होतो."

मला वाटलं, माणूस चळलाय. पुढच्या आठवड्यात परत आले आणि म्हणाले, घरी या, एक सौदा करायचाय. मी गेलो. त्यांच्या पडवीत सतरंजी अंथरलेली, मध्ये काही नाही. म्हणाले, "शेठ, तुम्ही एका घाटवाटेवरच्या चौकीचे नाईक. मी फौज घेऊन आलेला सरदार. मला वाट हवी, धान्य हवं, तुमची माणसं हवीत. बोला."

"आणि माझ्याकडे काय आहे?"

"वाट तुम्हाला ठाऊक आहे. मला नाही."

आता सौदा म्हटला की माझं रक्त तापतं, मग तो खरा असो की खोटा. मी बसलो तो ऊन कलेपर्यंत उठलो नाही. ते इतके चिवट असतील असं वाटलं नव्हतं. धमकी द्यायचे, गोड बोलायचे, मध्येच उठून जायचं नाटक करायचे. सौदा ठरेपर्यंत चहा येत नसे, ही त्यांच्या घरची रीत. आतून सुनंदाची आई म्हणायची, "तुमची लढाई संपली की सांगा, दूध नासायला लागलंय." शेवटी मी धान्य वाचवलं, माणसं वाचवली, वाट फक्त एका रात्रीपुरती दिली. ते हसले, चहा आला. मी खुशीत घरी गेलो.

वर्षाने कादंबरी आली. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढं जाड पुस्तक वाचलं, केवळ माझ्या नाईकासाठी. बोलणं सगळं माझं होतं. माझी वाक्यं, माझं मध्येच गप्प बसणं, भाव ऐकून दुसरीकडे बघणंसुद्धा. आणि शेवटी नाईकाची चौकी गेली, धान्य गेलं, माणसंही गेली... मी पुस्तक घेऊन तडक त्यांच्या घरी.

"सर, मी जिंकलो होतो."

"हो की. फार सुंदर जिंकलात."

"मग हे काय?"

"अहो, ती चौकी खरीच पडली होती. कागद आहेत. मी काय करू?"

हे असंच चालू राहिलं. प्रत्येक कादंबरीला एक तह, प्रत्येक तहाला मी. कधी मी गढीवाला, कधी होडीवाल्यांचा मुखिया, कधी वेढ्यात अडकलेल्या गावचा पाटील. सतरंजीवर मी जिंकायचो आणि छापील पानावर हरायचो. वर प्रस्तावनेत पुण्याच्या दोन विद्वानांचे आभार असायचे, माझं नाव कुठेच नाही. एकदा त्यावरूनही भांडलो. ते म्हणाले, "तुमचं नाव घातलं तर लोक म्हणतील, यांनी इतिहास वखारीत लिहिला." मी म्हटलं, "मग कुठे लिहिलात?" त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. नाव मात्र घातलं नाही.

तरीही मी जात राहिलो, कारण मला या माणसाचं कुतूहल वाटायला लागलं होतं. दाभोसा गावाकडे गवत बघायला निघालो की ते जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसत. तिथे नदीकाठी भेटेल त्याला विचारत, समजा वरून फौज आली, तर तुम्ही काय कराल? लोकांना आधी वाटायचं, सरकारी माणूस धरणासाठी चौकशी करतोय. एका म्हाताऱ्याने मात्र नीट विचार केला आणि म्हणाला, "फौज येल तं आम्ही रानात जाव. भात काय, परत पेरता येल." आम्ही परत निघालो. जव्हार जवळ आल्यावर सर म्हणाले, "काय झालं ते कागदात असतं, शेठ. काय होऊ शकलं असतं, ते माणसांनाच विचारावं लागतं." मी म्हटलं, "विचारता, आणि लिहिता भलतंच."

एकदा मी स्पष्टच मागणी केली. मला सरदार करा, तुम्ही नाईक व्हा. दुसऱ्याला हरवण्यातच माझं आयुष्य गेलंय, हरणाऱ्याच्या बाजूला मला का बसवता? त्यांनी चष्मा काढला, पुसला. "सरदाराला बोलावं लागत नाही, त्याच्या मागे फौज उभी असते. बोलावं लागतं ते ज्याच्या मागे कुणी नाही त्याला. जामसरहून आलात तेव्हा तुमच्या मागे कोण होतं?" म्हणणं खरं होतं. पण राग गेला नाही. बरोबर उत्तर मिळालं म्हणून नुकसान भरून निघत नाही.

मग शेवटची कादंबरी सुरू झाली. या वेळी ते म्हणाले, "हा नाईक कुठल्याच कागदात नाही. मी रचलाय. त्याचं काय होईल ते मलाही माहीत नाही." माझे कान टवकारले. म्हणजे पहिल्यांदाच निकाल खुला होता. मी तयारी करून गेलो. सतरंजीवर बसलो आणि सुरुवातीलाच अवाच्या सवा मागितलं : वाट आमची, जकात आमची, उतारावरच्या गवताला तुमच्या घोड्यांनी तोंड लावायचं नाही, आणि जाताना दोन तोफा चौकीवर ठेवून जायचं. हे मान्य होण्यासाठी नव्हतंच. खाली उतरायला जागा हवी म्हणून एवढं वर चढलो होतो.

"मान्य," सर म्हणाले. आणि आत वळून, "सुनंदा, चहा टाक गं."

मी उठलो. "थट्टा करता माझी?"

"शेठ, बसा."

मी बसलो नाही. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो सौदा त्यांनी भीक घातल्यासारखा दिला होता. चहा न घेता मी निघून आलो. तीच आमची शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर सुनंदाने बोलावलं. ती मोखाड्याला शिक्षिका आहे, वडिलांसारखीच कमी बोलते. म्हणाली, नाईक सरदाराच्या तंबूत शिरतो तिथे लिखाण थांबलंय. प्रकाशक तिला म्हणत होते, थोडंच राहिलंय, तुम्हीच पूर्ण करा. "काका, त्या दिवशी तुमचं काय ठरलं? मी आत होते, मला फक्त चहा टाक एवढं ऐकू आलं."

मी सगळं सांगितलं. माझ्या मागण्या, त्यांचं 'मान्य'.

"मग तसंच लिहू? चौकी नाईकाची?"

एक 'हो' म्हटलं की माझा नाईक छापील पानावर जिंकत होता, कायमचा. पण पहिल्या शब्दाला होकार देणारा माणूस मी धंद्यात पाहिलाय. एक तर तो मूर्ख असतो, नाहीतर त्याला पैसे द्यायचेच नसतात. सर दोन्ही नव्हते. तिसराही एक प्रकार असतो, ज्याची गाडी सुटायची वेळ झालेली असते... "सुनंदा," मी विचारलं, "त्यांना केव्हा कळलं होतं?"

"तुम्ही शेवटचे आलात त्याच आठवड्यात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडेच दिवस आहेत. बाबा म्हणाले, कुणाला सांगू नको."

पडवीत सतरंजी अजून तशीच होती. मी माझ्या जागी बसलो. "तसं लिहू नकोस. कुठला सरदार पहिल्या शब्दाला मान्य म्हणतो? वाचणारा हसेल. तू बस तिकडे, त्यांच्या जागेवर."

"मला नाही जमणार, काका."

"तुझ्या मागे फौज आहे. तुला फक्त नाही म्हणायचंय."

ती संकोचून बसली, तिने पदर सारखा केला. मी मागण्या सांगितल्या, तोफांसकट. ती म्हणाली, नाही. मी तोफा सोडल्या. नाही. जकात अर्धी केली, गवत दिलं, वर तिच्या वडिलांच्या ओळखीचा दाखला दिला. "त्याचा इथे काय संबंध?" ती म्हणाली, आणि पुन्हा नाही. एवढं करून ती वाट मागत होती, माणसं मागत होती, आणि आवाज एकदाही चढत नव्हता. माझं डोकं फिरलं. मी उठलो, चपला शोधायला लागलो.

"बसा, काका," ती मागून म्हणाली. "आत्ता उठलात तर चौकी आमची."

मी बसलो.