चुन्याच्या डबीतला खडा

माझ्या कपाटात एकशे अठरा दगड होते आणि त्यातले निदान चाळीस मी चुकीचे ओळखले होते. हे आता सांगतो. पूर्वी सांगत नसे. पूर्वी घरी कुणी आलं, की चहा यायच्या आत मी कपाट उघडायचो आणि पाहुणा दाराकडं बघेपर्यंत बंद करत नसे.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लावल्या, की माणसाला वाटायला लागतं, बाटलीत काय आहे ते आपणच ठरवतो. माझं तसं झालं.

एकदा बंद पडलेल्या गिरणीमागच्या पडीक जागेत मला एक काळा, जड, भोकाभोकांचा दगड सापडला. लोहचुंबक लावलं तर चिकटलं. उल्का! मी गल्लीभर सांगितलं. भूगोलाच्या प्राध्यापकांना घरी बोलावलं. त्यांनी दगड हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "बॉयलरच्या भट्टीत कोळसा जळून उरलेला गोळा आहे हा." तोवर शेजारच्या काकूंचं त्याला हळदकुंकू वाहून झालं होतं. मी तो फेकला नाही. चिठ्ठी मात्र बदलली.

कपाटातले खरोखर चांगले दगड माझे नव्हतेच, दाजींनी आणलेले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वैरागला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मोटार सोडायला ते गावोगावच्या विहिरींवर जात. नवी विहीर खोदलेली असली, की बाहेर टाकलेल्या काळ्या दगडाच्या पोटातनं पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक निघतात. शेतकरी ते बांधावर टाकून देतात. दाजी उचलून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. "घ्या पाव्हणं, तुमचा खाऊ."

एकदा त्यांनी कापसाच्या बोंडासारखा एक गोळा आणला. दगडच, पण अंगावर केसाहून बारीक पांढरे तंतू. मांडीवर ठेवून एस्टीतनं आणला होता. मी तो निरम्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासला. तंतू वाहून गेले आणि हातात टक्कल उरलं. दाजींनी ते पाहिलं.

"पाव्हणं, पुढच्या टायमाला दगड आणला की नुसता बघा. तुमी हात लावू नका."

ताई तर हसून हसून खाली बसली.

दाजी दिवसभर उन्हात, विहिरीच्या काठावर. चहा दहा वेळा, पाणी दोनदा. मुतखडा झाला. सोनोग्राफी झाली. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "खडा पडला तर टाकू नका. सोलापूरला लॅबमध्ये तपासून रिपोर्ट घेऊन या. खडा कशाचा आहे, त्यावर औषध ठरेल." लघवी गाळून बघायला ताईनं घरातली चहाची गाळणी दिली आणि स्वयंपाकघरात नवी आणली. पुढं कितीतरी दिवस त्यांच्याकडं चहा घेताना मी गाळणी निरखून बघायचो.

तिसऱ्या आठवड्यात खडा पडला. दाजी तांब्याची वायर न्यायला सोलापूरला आले होते. माझ्या टेबलावर त्यांनी आपली जुनी चुन्याची डबी ठेवली. आत मुगाच्या डाळीएवढा, पिवळट पांढरा खडा.

"ह्यो विहिरीतला न्हाय," ते म्हणाले, "मालकाच्या पोटातला हाय. सात रस्त्याला ती लॅब हाय म्हणं. मला साडेचारची एस्टी गाठायचीय. तुमी देता का नेऊन?"

"त्यात काय! देतो की."

लॅब माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

मी चपला घातल्याही होत्या. मग वाटलं, एकदा भिंगातनं बघू. भिंगातनं बघितल्यावर वाटलं, एक थेंब ॲसिड टाकून बघू. कॉलेजातनं आणलेली सौम्य ॲसिडची बाटली घरी असायची. डबीतच, खड्यावर थेंब सोडला. फसफस! बारीक बुडबुडे आले. चुनखडीवर ॲसिड टाकलं, की हेच होतं. दहावीतल्या पोराला येतं ते मला आलं, आणि मला वाटलं, लॅबवाले याहून वेगळं काय करणार आहेत?

चपला काढल्या. चिठ्ठी लिहिली: क्रमांक ११८, मुतखडा, वैराग, चुन्याचा. डबीसकट कपाटात ठेवला, खालच्या फळीवर, उल्केशेजारी.

संध्याकाळी फोन केला. "दाजी, रिपोर्ट आला."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. लॅबचा, असं मी म्हणालो नाही. लॅबचा नव्हे, असंही म्हणालो नाही.

"काय हाय मग?"

"चुन्याचा खडा. तंबाखूतला चुना बंद, दूध बंद, बोअरचं पाणी बंद. जारचं पाणी प्या भरपूर."

"डॉक्टरला दाखवाया पायजे का परत?"

"कशाला? खडा पडला, विषय संपला."

दाजींना दवाखाना मुळातच नको असायचा. ते खूश झाले. बिनचुन्याची तंबाखू खाऊन तोंड वाकडं करत त्यांनी माझं पथ्य पाळलं. दिवाळीत आले तेव्हा कपाटात आपला खडा बघून म्हणाले, "लॅबनं परत दिला व्हय?"

"हो," मी म्हणालो. ही मात्र सरळ थाप होती.

"बघ गं, तुझा नवरा कपाटात बसलाय."

"बसू द्या. कुटंतरी एका जागी बसला," ताई म्हणाली.

आम्ही तिघंही पोटभर हसलो.

संक्रांतीनंतर ताईचा फोन आला. ह्यांना थंडी वाजून ताप येतोय, कंबर धरलीय, लघवीला घाण वास मारतोय. मी म्हणालो, "खडा विरघळतोय, ताई. पाणी वाढव." पुन्हा आठवड्यानं फोन. पुन्हा मी तेच सांगितलं, जरा कंटाळून. तिसऱ्यांदा फोन आला तो ॲम्ब्युलन्समधून, सोलापूरच्या वाटेवरनं.

डावी किडनी पुवानं भरली होती. फांद्या फुटलेल्या एका मोठ्या खड्यानं ती आतून पूर्ण व्यापली होती. काढावी लागली.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाई बाहेर आल्या. ताई भिंतीला टेकून उभी होती, मी तिच्या शेजारी. बाई म्हणाल्या, "हा इन्फेक्शनचा खडा दिसतोय. असा खडा असला तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही. जंतू मारावे लागतात, आत उरलेलं सगळं काढावं लागतं. आधी एक पडला होता म्हणता ना? त्याचा रिपोर्ट कुठाय? उजवीकडंही बारीक खडा आहे, आणि आता ती एकच किडनी राहिलीय."

ताई माझ्याकडं वळली. "तुझ्याकडं हाय न्हवं?"

"घरी आहे. आणतो," मी म्हणालो.

काय आणणार होतो? तरी घरी गेलो. कपाट उघडलं. डबी हातात घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. आतून सगळीकडं वाळलेल्या चुन्याचा पांढरा थर होता. खडा मी आधी बाहेर बशीत काढला. मग रिकाम्या डबीत, कोपऱ्यात, एक थेंब ॲसिड टाकलं.

फसफसलं.

खडा धुतला, पुसला, चिमट्यानं मोडला. आतल्या ताज्या भागावर थेंब टाकला. थेंब नुसता बसून राहिला. एक बुडबुडा नाही. मी बराच वेळ वाट बघितली. भिंगातनंसुद्धा बघितलं.

मी दाजींची चुन्याची डबी तपासली होती.

दवाखान्यात परत गेलो आणि ताईला व्हरांड्यात सगळं सांगितलं. सुरुवात डबीपासून केली, कारण डबीवर थोडं ढकलता येईल असं वाटलं. तिनं मधेच थांबवलं.

"लॅबमधी गेलाच न्हाईस तू?"

"नाही."

"आन् मी दोनदा फोन केला तवा?"

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला आणि आत जाऊन डॉक्टर बाईंना तिनंच सांगितलं.

दाजींना मी आठवड्यानं सांगितलं, वॉर्डात आणल्यावर. ते छताकडं बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, मी म्हनलं हुतं की. तुमी हात लावू नका." मी हसावं की काय, कळेना. तोवर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. दुकान आता बंद आहे. विहिरीत उतरणं त्यांना मना आहे. उजवी किडनी आहे, औषधं आहेत, दर काही महिन्यांनी तपासणी आहे. त्यानंतर त्यांनी मला दगड आणलेला नाही.

पण मला राहून राहून आठवते ती ऑपरेशनची दुपार, ताईला सगळं सांगून झाल्यानंतरची. काढलेला खडा तपासायला न्यायचा होता. तो नेण्याचं काम नातेवाइकांचंच असतं. नर्सनं बाटली पुढं केली, ती माझ्याकडं, कारण मी पुरुष माणूस, पायात चपला, हातात स्कूटरची किल्ली. माझा हात पुढं गेलासुद्धा. ताईनं मधूनच बाटली घेतली.

"मी नेते."

ती माझ्या स्कूटरवर मागं बसली. बाटली मांडीवर, दोन्ही हात बाटलीवर. मला धरलं नाही. खड्डे होते, मी हळू चालवत होतो. सात रस्त्याच्या गर्दीत एकदा ब्रेक दाबावा लागला, तेव्हा तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं. हात सुटले नाहीत.

लॅबच्या काउंटरवर एक मुलगी फॉर्म भरत होती. नाव, वय, गाव. मग तिनं विचारलं, "यांचा खडा याआधी कधी तपासलाय का?"

 ताईनं माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मुलीनं फॉर्मवर खूण केली, चिठ्ठी लिहिली आणि बाटलीला चिकटवायला घेतली. ती चिकटवून होईपर्यंत ताईनं बाटलीवरचा हात काढला नाही.