अक्काची निळी रेघ

टेंभुर्णीच्या स्टँडवर चहा घेत होतो, तेवढ्यात अक्काच्या मुलाचा, श्रीनिवासचा फोन आला. "काका, आई गेली..." कप तसाच खाली ठेवला. आज महिना होत आला, तरी 'अक्का गेली' हे माझ्या तोंडून धड निघत नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका गिरणीत आम्ही दोघं प्रोग्रॅमर होतो. मी माळशिरसचा बी.एस्सी., नुकती शिंगं फुटलेला. सत्यम्मा, म्हणजे आम्हा सगळ्यांची अक्का, विणकराघरची लेक. आधी मागावर चादरीची नक्षी उठवणारी पुठ्ठ्याची कार्डं टोचायची. कुठल्या भोकानं कुठला धागा उचलायचा, हे तिच्या बोटांना ठाऊक. मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला, पण त्याचं करायचं काय, हे वर कुणालाच ठाऊक नव्हतं! मॅनेजरसाहेब त्या गार खोलीत दुपारी घोरायचे, आणि आरामखुर्चीला जागा हवी म्हणून आमच्या कार्डांचे ट्रे रोज इकडचे तिकडे करायचे. प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

त्यावर अक्कानं उपाय काढला. नक्षीची कार्डं ओवतात, तशी तिनं प्रोग्रॅमची सगळी कार्डं सुईदोऱ्यानं ओवून माळच केली! मशीननं पहिलं कार्ड आत घेतलं आणि घास अडकल्यासारखं ठप्प झालं. मी पोट धरून हसलो. "हस रे, लई हस," ती म्हणाली, "पन क्रम तर चुकला न्हाय ना?" सुईची भोकं पडलेली कार्डं नव्यानं टोचायला तीन दिवस गेले. मग तिनं गठ्ठ्याच्या कडेवर, पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत, निळीची एक तिरपी रेघ ओढली. मी त्यालाही हसलो. गाढव होतो मी.

त्या वर्षी बदली कामगारांना कायम करायचं ठरलं. ज्याचे हजेरीचे दिवस भरले त्याचं नाव यादीत, आणि ती यादी आमच्या प्रोग्रॅममधून निघणार. अक्काचा नवरा राजण्णा नऊ वर्षं रोज गेटवर उभा राहायचा; काम मिळालं तर आत, नाही तर परत घरी. कामगार अधिकारी पुण्याहून आले, यादी घेऊन दुपारच्या गाडीनं परतणार होते. नेमकी तेव्हाच मॅनेजरसाहेबांना मिरवायची हुक्की आली! ट्रे स्वतः उचलला, अडखळले... सगळी कार्डं फरशीवर. "आता काय, पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. असा संताप आला होता!

अक्का खाली बसली. रेघ जुळवत तिनं अर्ध्या तासात गठ्ठा उभा केला आणि डोळे बारीक करून कडेकडे पाहिलं. "एक कार्ड कमी हाय. रेघ हितं तुटली." आम्हाला काही दिसेना. मग ती शांतपणे म्हणाली, "साहेब, जरा पाय उचला की."

बुटाखाली कार्ड! यादी निघाली, राजण्णाचं नाव त्यात होतं, आणि गेटवर कामगारांनी राजण्णाला नाही, अक्काला हार घातला. साहेब त्या दिवशी झोपले नाहीत.

परवा तिच्या घरी गेलो. कपाटात तो गठ्ठा होता, इतकी वर्षं जपलेला. घेताना हातातून निसटला आणि सगळा सांडला. मी आणि श्रीनिवास रेघ जुळवत बसलो. एका जागी ती तुटली... या खेपेला मला दिसली! खोलीभर शोधलं. शेवटी श्रीनिवासच हसला, "काका, जरा पाय उचला की."

उचलला. कार्ड कपाळाला लावलं आणि डोळे पुसत पोट धरून हसलो.